मदत हवी आहे: गाडी मिसिंग मारतेय, चढाला ओढतच नाही, प्लग बदलून झाले

वाटसरू:
नमस्कार. बाबांची जुनी पेट्रोल गाडी मी चालवते. महिनाभरापासून मिसिंग मारतेय. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की नुसता आवाज वाढतो, वेग नाही. चढाला दुसरा टाकावा लागतो. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंगसकट सीट थरथरते. चारही प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, काडीचा फरक नाही. गॅरेजवाले म्हणतात इंजिन उतरवावं लागेल. आठवड्यातून दोनदा आईला दवाखान्यात न्यायचं असतं, रस्त्यात बंद पडली तर काय करू? नक्की काय बदलायचं तेवढं सांगा, प्लीज लवकर.

पाना_बारा:
कार्बोरेटर की इंजेक्शन? किती किलोमीटर झालेत? गार असताना होतं की तापल्यावर? मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? भाऊ, एवढं कळल्याशिवाय कुणीही सांगितलं तरी तो अंदाजच असेल.

तेलवात:
पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून घ्या. माझी गाडी हुबेहूब अशीच गचके खायची. टाकीत क्लीनर ओतला, दुसऱ्या टाकीपासून लोण्यासारखी चालतेय. इंजिन उतरवायच्या नादी लागू नका.

रात्रपाळी:
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधली धूर साफ करणारी जाळी, चोक झालाय, लिहून घ्या. जुन्या गाडीला पिकअप गेला की दहात नऊ वेळा तेच. काढून सरळ पाइप मारा.

पाना_बारा:
रात्रपाळी, कॅट चोक झाला तर चारही सिलिंडरचा श्वास कोंडतो. गाडी उभी असताना बरी चालते आणि रेस वाढवली की गुदमरते. इथे उभ्या गाडीची सीट थरथरतेय, म्हणजे एखादं सिलिंडर काम करत नाहीये. आणि कॅट काढून पाइप मारायचा सल्ला देऊ नका. आपल्यामागून येणाऱ्यांनी तो धूर का खायचा?

हवापाणी:
टायरमधली हवा बघितली का? हवा कमी असली की गाडी जड चालते आणि ॲव्हरेजही पडतं. मी दर आठवड्याला बघतो.

वाटसरू:
भाऊ नाही, ताई. हवा बरोबर आहे. इंजेक्शनची गाडी आहे, १ लाख ४० हजारच्या पुढे गेली आहे. सकाळी पहिली दहा मिनिटं ठीक असते, तापली की सुरू होतं. पिवळा दिवा दोन वर्षांपासून लागलेला आहे, त्यामुळे लिहिला नाही. हल्ली चढाला तो लुकलुकतो.

पाना_बारा:
ताई, लुकलुकतो हे सगळ्यात महत्त्वाचं होतं. दिवा नुसता लागलेला असणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटत असतं आणि आतली जाळी वितळू शकते. अशा वेळी पाय लगेच सैल करा, जोर देऊ नका. आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या, मग पुढचं बोलू. आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना तोवर दुसरी सोय बघा.

तेलवात:
कोड वाचून काय होणार? शेवटी मिसफायर एवढंच लिहून येणार. क्लीनरला काय खर्च आहे, टाकून तरी बघा.

वाटसरू:
वाचून घेतला. पी०३०२. कॉइल बदलू का?

जुनं_लोखंड:
थांबा, कॉइल विकत घेऊ नका. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबरला मिसिंग आहे. तुमच्या गाडीत दोन कॉइल आणि चार वायर असतील तर एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला स्पार्क देते. दुसरी कॉइल पूर्ण मेली असती तर ३ नंबरनेही तक्रार केली असती. फुकटातली तपासणी अशी: दोनचा प्लग चारला लावा, २ आणि ३ च्या वायरी आपसात बदला, कोड पुसा आणि गाडी तापेपर्यंत चालवा. मिसिंग तीन किंवा चारला गेलं तर दोष त्या वस्तूत. दोनलाच राहिलं तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. आणि चालू इंजिनवर प्लगची वायर ओढून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. झटका बसतो, कॉइलही जाते. तपासायचंच तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा.

धूरकट:
माझ्या डिझेल गाडीला चढाला काळा धूर येतो, टर्बो गेला असेल का?

पाना_बारा:
धूरकट, डिझेलचं वेगळं विचारा, इथे गल्लत होईल. ताई, अदलाबदल केलीत का?

वाटसरू:
भावाने केली. पुन्हा पी०३०२ च. आता?

चढउतार:
पॉवर पेट्रोल भरा ना. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद.

जुनं_लोखंड:
नाही हो. ऑक्टेन आकडा म्हणजे दाबाखाली इंधन वेळेआधी किती पेटत नाही त्याचं माप. इंजिन नॉकिंग करत नसेल तर जास्त ऑक्टेनने ताकद येत नाही, आणि मेलेलं सिलिंडर तर त्याने मुळीच जिवंत होत नाही. ताई, आता कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे इथे लिहा. त्याआधी घरीच एक करा. गाडी तापवून उभी ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर कागदाची पट्टी धरा. चांगल्या इंजिनात ती सारखी बाहेरच फडफडते. मधूनमधून आत ओढली जात असेल तर मला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, संशय आहे.

वाटसरू:
पट्टी खरंच आत चिकटते! फड फड फड, मग एकदम चप्प. पाचदा बघितलं. कॉम्प्रेशन दुसऱ्या गॅरेजमध्ये मोजलं: १७०, ९५, १६८, १७२ पीएसआय. ते म्हणाले पिस्टनच्या रिंगा गेल्या. म्हणजे इंजिन उतरवायचंच का?

पाना_बारा:
रिंगा हे कशावरून? दोनमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजलं का? रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच वर जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर जागचा हलत नाही.

वाटसरू:
पुन्हा जाऊन करून घेतलं. ९५ चे ९८ झाले.

जुनं_लोखंड:
मग रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह आहे. एक विचारतो, गाडीला गॅस किट आहे का?

वाटसरू:
हो, सीएनजी आहे. बाबांनी बसवून पाच-सहा वर्षं झाली. पण मिसिंग पेट्रोलवरही होतं, त्यामुळे त्याचा संबंध वाटला नाही.

जुनं_लोखंड:
संबंध आहे ताई. गॅस कोरडा जळतो. ज्या इंजिनातल्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडा, त्यासाठी कडक केलेल्या नसतात, तिथे सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) वर सरकत जातो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट कमी होत होत शून्यावर येते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, मग तो पूर्ण मिटतच नाही. म्हणून सकाळी दहा मिनिटं ठीक. आवाजही येत नाही, फट वाढली की टॅपेट टकटकतो, संपली की गप्प होतो. त्यामुळे कुणाला संशय येत नाही. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे) नसतील तर हेड उतरवण्याआधी फक्त वरचं कव्हर काढून गार इंजिनवर आठही फटी फीलर गेजने (मापाच्या पातळ पत्त्यांनी) मोजायला सांगा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या इंजिनाचं माप असतं.

रात्रपाळी:
माझी गाडी आठ वर्षं गॅसवर आहे, काही झालं नाही. उगाच गॅसला बदनाम करू नका.

पाना_बारा:
बदनाम कुणी केलं? तुमच्या इंजिनाची सीट कडक असेल. टॅपेट कधी तपासून घेतले होते?

रात्रपाळी:
कधीच नाही. या आठवड्यात बघून घेतो.

वाटसरू:
आज टॅपेट बघितले. मी शेजारीच उभी होते. दोनच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पत्ती, ०.०५ मिमीची, तीसुद्धा शिरेना. मेकॅनिकने तीनदा टोक लावलं, पत्ती वाकली. बाकीच्या तीन एक्झॉस्टच्या फटीही मापापेक्षा कमी होत्या. सगळ्या लावून घेतल्या. दोनचं कॉम्प्रेशन आता १५० आलं. तासभर चालवली, तापली, सीट थरथरत नाही. तिसऱ्या गिअरला चढ चढली, दिवा लुकलुकला नाही. उद्या आईला घेऊन जाणार आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पाना_बारा आणि जुनं_लोखंड काकांचे. आता गॅस बंदच ठेवू का?

जुनं_लोखंड:
आकडा वर आला म्हणजे व्हॉल्व्ह जळायच्या आत पकडलात. १५० म्हणजे अजून थोडा गळतोय, तरी चालेल. महिनाभर पेट्रोलवरच चालवा. १,००० किलोमीटरनंतर तीच फट परत मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तेवढ्यात पुन्हा मिटली तर हेड उतरवून कडक सीट बसवावी लागेल, तिथे टाळाटाळ करू नका. टिकली तर गॅस चालू करा, पण टॅपेट दर १०,००० ला.

धूरकट:
आणि माझा काळा धूर?

पाना_बारा:
धूरकट, तुमचं आता बघू. टर्बोनंतरच्या रबरी पाइपला कुठे चीर आणि तेलाचा ओलावा दिसतोय का? आणि एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला?