माळावर कुसळीच कुसळी झालीय, पवन्या-मारवेल ही चाऱ्याची गवतं परत कशी आणायची?

खिल्लार_माण: नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमचं ९ एकर मुरमाड पड रान आहे, उताराचं. दोन वर्षांपूर्वी सलग समतल चर काढले, दोन फूट रुंद एक फूट खोल, पाणी चांगलं मुरतंय. पण गवत म्हणाल तर नुसती कुसळी. आजोबा सांगायचे इथं पवन्या आणि डोंगरी कमरेएवढं यायचं, आता दिवाळीनंतर माळ उघडा पडतो. ४ खिल्लार गाई आहेत, शिवाय मेंढरं येतात. नांगरून बी पेरू का?

बांधावरचा: दादा, नांगर अजिबात घालू नका. उताराला मुरमावर जी दोन बोटं माती आहे ती पहिल्याच वळवात खाली जाईल, मग चर गाळानं भरतील. बी चराच्या भरावावर, म्हणजे चर खणून बाजूला टाकलेल्या मातीवर टाका, तिथली माती भुसभुशीत असते आणि ओल टिकते. डोंगरी-पवन्याचं बी हलकं, केसाळ, वाऱ्यानं उडतं आणि मुंग्याही नेतात, म्हणून शेण, माती, बी कालवून छोट्या गोळ्या करा, वाळवून पावसाच्या आधी टाका. आणि ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने सुप्तावस्थेत असतं, म्हणून कार्तिकात झोडलेलं बी जूनला वापरलं तर बरं. मारवेलला मुरूम मानवत नाही, ते खाली जिथं माती खोल आहे तिथं बांधावर ठोंब लावा, मुळासकट, पाऊस चालू असताना.

सुनीता_ताई: कुसळीला शिव्या देऊ नका हो, कोवळी असताना गाई आवडीनं खातात. फुलोऱ्यात आली की कापायची, बी धरलं की कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात घुसतात, मग जनावर तिच्याजवळ जात नाही आणि तीच पसरत जाते. आमच्याकडं दोन पावसाळे वेळेवर कापली तर मधे मधे डोंगरी आपोआप दिसायला लागलं, बी जमिनीत होतंच बहुतेक.

मेंढका: मेंढरं बंद करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाय. आमची मेंढरं खत टाकून जातात, रानात बसवायला लोक पैसे देतात. चूक असते ती पाऊस पडल्या पडल्या कोंब दोन इंच असताना सोडण्याची, तेव्हा मुळातून जातं. रानाचे तीन तुकडे करा, एक तुकडा पावसाळाभर बंद, बी गळेपर्यंत, पुढच्या वर्षी दुसरा. आणि आमच्याशी आधी बोला भाऊ, कुंपण घालण्यापेक्षा बोलणं स्वस्त.

बांधावरचा: मेंढकांशी सहमत. हिवरे बाजारला चराईबंदी केली तेव्हा गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती, म्हणून ती टिकली. नुसती बंदी घातली की गाव उलटतं. अजून एक, सगळ्या माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावत सुटू नका, दाट सावलीत ही गवतं येत नाहीत आणि माळावरचा चिंकारा, खोकड यांनाही उघडं रानच लागतं.

खिल्लार_माण: खूप आभार सगळ्यांचे. नांगर रद्द. शेजारच्या डोंगरावर वनखात्याच्या हद्दीत पवन्या आहे, परवानगी विचारून दिवाळीनंतर बी गोळा करतो, वरचा तुकडा यंदा बंद. मेंढकादादा, तुमचा मुक्काम आमच्या बाजूला कधी असतो? त्याआधी भेटू.

मेंढका: कोकणातून परत येताना, जूनच्या आधी. तुमची हद्द दाखवून ठेवा, पोरांना सांगतो.