मदत हवी आहे: मियाटा नवी घ्यावी की अकरा हजार मैल चाललेली?

रानवाटा
गेले सहा आठवडे मी एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे आणि आता शनिवारपर्यंत निर्णय घेणे भाग आहे, कारण वापरलेली गाडी विक्रेत्याने माझ्यासाठी तोपर्यंतच राखून ठेवली आहे. गाडी माझदाची मियाटा, म्हणजे छत उघडणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार (रोडस्टर), क्लब प्रकारातली. नवी 34,000 डॉलरला मिळते आहे. 2023 ची, 11,400 मैल चाललेली, 28,500 ला. कर्जाचा दर नवीला 3.9 टक्के आणि वापरलेलीला 7.4 टक्के सांगितला आहे. नवी की वापरलेली, एवढेच कृपया सांगावे. गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न नाही, ते माझे कॉलेजात असल्यापासून ठरलेले आहे.

केळफूल
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. तुम्ही कोणत्या राज्यात राहता, हिवाळ्यात गाडी कुठे उभी राहणार आहे, घरात दुसरी गाडी आहे का, कर्ज किती वर्षांचे आणि किती रकमेचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वापरलेली गाडी माझदाच्या अधिकृत डीलरकडे आहे की इतर कुणाकडे, हे आधी लिहावे. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हेही तुम्ही लिहिलेले नाही.

धावपट्टी
नवीच घ्या. मी चार वर्षांपूर्वी अशीच एक "हलकी वापरलेली" दोन आसनी गाडी घेतली होती. कागदावर एकच मालक, अपघात नाही, मैल थोडे. तीन महिन्यांनी क्लच बदलताना मेकॅनिकने सांगितले की ही गाडी रेस ट्रॅकवर भरपूर पळवलेली दिसते. घरगुती सेदान आणि स्पोर्ट्स कार यांचे 11,000 मैल एकसारखे नसतात. स्पोर्ट्स कार लोक ज्यासाठी घेतात त्यासाठीच ती वापरतात. शिवाय या पिढीच्या मियाटात दुसरा गिअर तुटण्याचा रोग आहे, तो वेगळाच.

सांजसकाळ
धावपट्टी यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु गिअरबॉक्सची भीती येथे अस्थानी आहे. ज्या तक्रारी गाजल्या त्या मुख्यतः 2016 ते 2018 च्या गाड्यांच्या होत्या. 2019 पासून इंजिनही बदलले: 155 ऐवजी 181 अश्वशक्ती, इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची मर्यादा 6,800 वरून 7,500, आणि स्टिअरिंग पुढेमागे सरकवण्याची सोय त्याच वर्षी आली. 2023 ची गाडी या सुधारित तुकडीतली आहे. पहिल्या मालकाने नवेपणाची किंमत मोजून झालेली आहे, ती तुम्ही पुन्हा का मोजावी?

धावपट्टी
कारण या गाडीत नवेपणाची किंमत फारशी उतरतच नाही. 34,000 आणि 28,500 यांतला फरक जेमतेम 16 टक्के आहे. तीन वर्षांत निम्म्यावर येणाऱ्या आलिशान गाडीला जो न्याय लागू होतो तो मियाटाला लागू होत नाही.

रानवाटा
न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. दोन्ही गाड्या मॅन्युअल आहेत, मला ते गृहीतच वाटले. 10,000 रोख भरून उरलेले साठ महिन्यांचे कर्ज. कर आणि नोंदणी वेगळी खिशातून. पत्नीची एसयूव्ही आहे, तिलाच गॅरेज मिळते. वापरलेली गाडी दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये आहे, कुणीतरी बदल्यात दिलेली. आता तरी नवी की वापरलेली ते सांगावे, ही विनंती.

हिशेबनीस
आकडे मांडतो. नवीसाठी 24,000 चे कर्ज, 3.9 टक्क्यांनी साठ महिन्यांत साधारण 2,455 व्याज. वापरलेलीसाठी 18,500 चे कर्ज, 7.4 टक्क्यांनी साधारण 3,690 व्याज. म्हणजे कमी रकमेवर तुम्ही सुमारे 1,235 डॉलर जास्त व्याज भरणार. न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर दोन्हींवर लागतो, त्यात नवीला 364 जास्त पडतील. सगळे धरून खरा फरक 5,500 नव्हे, तर सुमारे 4,630 आहे. वापरलेलीला पहिल्याच वर्षी चार टायर घ्यावे लागले तर तो आणखी कमी होईल.

आंबेमोहोर
शिवाय नव्या गाडीच्या कर्जावरचे व्याज आता करपात्र उत्पन्नातून वजा मिळते, वर्षाला 10,000 डॉलरपर्यंत. वापरलेल्या गाडीला ही सवलत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी नवी घेतली असती.

हिशेबनीस
ही सवलत 2025 ते 2028 या करवर्षांसाठी आहे हे खरे, पण गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असावी लागते. मियाटा हिरोशिमात बनते आणि तिचा व्हिन क्रमांक, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, J अक्षराने सुरू होतो. येथे ती सवलत मिळणार नाही. कृपया रानवाटा यांनी ती हिशेबात धरू नये.

आंबेमोहोर
दुरुस्तीबद्दल आभार. मी केंटकीत बनलेली कॉर्वेट घेतली होती, म्हणून माझी गल्लत झाली.

केळफूल
मूळ मुद्दा अजून राहिलाच आहे. वॉरंटी मॉडेलच्या वर्षापासून मोजत नाहीत, पहिल्या मालकाच्या ताब्यात गाडी गेली त्या दिवसापासून मोजतात. माझदाची सर्वसाधारण वॉरंटी 3 वर्षे किंवा 36,000 मैल आणि इंजिन-गिअरबॉक्सची 5 वर्षे किंवा 60,000 मैल, जे आधी पूर्ण होईल ते. 2023 ची गाडी 2022 च्या अखेरीसच विकली गेलेली असू शकते. अधिकृत डीलरकडची, माझदाच्या योजनेत तपासून प्रमाणित केलेली वापरलेली गाडी असती तर इंजिन-गिअरबॉक्सची हमी 7 वर्षे किंवा 1,00,000 मैलांपर्यंत गेली असती. दुसऱ्या कंपनीच्या शोरूममधल्या गाडीला ती मिळत नाही. कोणत्याही माझदा डीलरला व्हिन क्रमांक देऊन ती तारीख विचारा.

परतवाट
पुढे भारतात परतणार असाल तर हेही ध्यानात घ्या की ही गाडी सोबत नेता येणार नाही. अमेरिकेतली गाडी डाव्या स्टिअरिंगची असते आणि भारतात आयातीसाठी उजवे स्टिअरिंग लागते. माझे पुण्यातले मित्र या गाडीसाठी झुरतात, पण माझदा तेथे गाड्या विकतच नाही.

रानवाटा
परतण्याचा विचार नाही. माझदा डीलरला दूरध्वनी केला. गाडी 18 नोव्हेंबर 2022 रोजी विकली गेली होती. म्हणजे सर्वसाधारण वॉरंटी येत्या दहा दिवसांत संपते. हे विक्रेत्याने मला सांगितले नव्हते.

सांजसकाळ
इंजिन आणि गिअरबॉक्स अजून दोन वर्षे सुरक्षित आहेत, म्हणून घाबरू नका. पण किंमत मात्र 27,000 पर्यंत आणायला सांगा. गाडी पाहताना चार गोष्टी स्वतः तपासा. टायरच्या बाजूवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 11,400 मैलांवर मूळचेच टायर दिसायला हवेत. ब्रेकच्या चकत्यांना काठावर उंचवटा किंवा निळसर झाक नसावी. छताच्या मागच्या निचऱ्याच्या वाटा तुंबल्या तर पाणी आत उतरते, म्हणून गालिच्याखाली हात घालून ओल तपासा; तुमची गाडी उघड्यावर उभी राहणार, तेव्हा हे विशेष. आणि इंजिन पूर्ण थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टाकून पाहा. ते आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. मग स्वतंत्र मेकॅनिककडे नेऊन ती उचलून पाहा. मी आजवर तीन वापरलेल्या रोडस्टर घेतल्या, आणि या पायऱ्या पाळल्यामुळे एकीनेही मला फसवले नाही.

धावपट्टी
एवढे श्रम 4,630 डॉलर वाचवण्यासाठी, तेही पाच वर्षांत मिळून! 2024 पासूनच्या मॅन्युअल क्लबमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत शक्ती वाटणारा भाग) नव्या रचनेचे आहे. वेग कमी करत वळणात शिरताना मागची बाजू अधिक स्थिर राहते. मी दोन्ही चालवल्या आहेत आणि हा फरक पहिल्याच मोठ्या वळणावर कळतो. आणि उंची किती आहे तुमची? हे अजून कुणीच विचारलेले नाही.

रानवाटा
सहा फूट एक इंच. छत उघडे असताना बसलो होतो, व्यवस्थित वाटले.

केळफूल
छत बंद करून बसल्याशिवाय कोणतीही गाडी घेऊ नका. न्यू जर्सीत वर्षातले निदान पाच महिने ते बंदच राहील. माझ्या यजमानांची उंची तुमच्याएवढीच आहे. आमची आवडलेली गाडी केवळ या एका कारणाने परत द्यावी लागली आणि त्यात आमचे बरेच पैसे गेले.

रानवाटा
सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्हीकडे जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

छत बंद करून बसलो. पाठ नेहमीपेक्षा थोडी मागे कलवावी लागते, पण डोके छताला लागत नाही आणि गुडघे स्टिअरिंगपासून मोकळे राहतात. पत्नीने चालवून पाहिली, ती म्हणाली की हिच्यातून उतरताना हाताला धरायला काहीतरी हवे. तेवढे सोडल्यास तिची हरकत नाही.

वापरलेल्या गाडीचे पुढचे दोन टायर 2022 चे आहेत आणि मागचे दोन 2025 च्या उन्हाळ्यातले. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी, तिचे मागचेच टायर इतक्या लवकर का बदलले, हे विचारल्यावर विक्रेता म्हणाला की खिळा लागला असेल. खिळा दोन्ही चाकांना लागला का, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. सांजसकाळ यांनी सांगितल्याप्रमाणे मी स्वतःच्या खर्चाने मेकॅनिककडे नेण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. "आमची तपासणी झालेली आहे" एवढेच सांगण्यात आले. किंमत कमी करण्याचा विषय मी पुढे काढलाच नाही.

त्यानंतर नवीची आगाऊ रक्कम भरून आलो. गुरुवारी ताब्यात मिळेल.

सांजसकाळ
तपासणी नाकारली म्हटल्यावर मीही उठून आलो असतो. तुमचा निर्णय योग्य आहे, माझे मत वापरलेलीच्या बाजूचे असूनही. पहिले 600 मैल इंजिन जोराने ताणू नका, एकाच वेगात फार वेळ चालवू नका आणि पूर्ण थ्रॉटल टाळा. माझदाच्या पुस्तिकेत हेच लिहिलेले आहे. दुसरे म्हणजे, तुमच्या गाडीवर उन्हाळी टायर आहेत का ते गुरुवारी ताबा घेण्याआधी पाहा. तसे असतील तर सुमारे 7 अंश सेल्सिअसखाली त्यांची पकड घटू लागते, आणि नोव्हेंबरातल्या सकाळी रस्ता तेवढा थंड असू शकतो.

रानवाटा
उन्हाळीच आहेत. ताबा दुपारी एक वाजता घ्यायचे ठरवले आणि हिवाळी टायरचा संच आजच मागवला. गाडी उघड्यावर ठेवण्यासाठी श्वास घेणारे कापडी आवरण कोणते चांगले, याबद्दल कुणाला अनुभव असल्यास जरूर लिहावे.