कथेवर बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा विषय काढायचा की नाही?

काना-मात्रा:
लिंबोणीताईंनी काल लिहिलं, ‘अभिप्राय देताना आशयाबद्दल बोला. ऱ्हस्व-दीर्घ, परिच्छेद, अवतरणचिन्हं ही मुद्रितशोधकाची कामं. त्यावर बोट ठेवून नव्या लेखकाचा हुरूप घालवू नका.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळींत सांगून होणार नाही, म्हणून वेगळा धागा.

मुद्रितशोधक आहे कुठे? पुण्या-मुंबईच्या मोठ्या दिवाळी अंकांकडे असेल. इंदुरात हौसेने अंक काढणारी दोन-तीन माणसं असतात. कथा तीच निवडतात, मुद्रितं तीच तपासतात आणि जाहिरातींसाठी दारोदार तीच फिरतात. २,००० शब्दांच्या कथेत ओळीओळीला चूक असली की ती कथा वाचली जात नाही, नुसती दुरुस्त होत राहते. हात दुखले की बाजूला पडते. आशय चांगला होता हे कुणाला कळतही नाही.

बरं, आपल्याकडच्या चुका पुण्यातल्या चुका नाहीत. मराठी घरात आणि हिंदी शाळेत, यातून त्या येतात. हिंदीत कवि, गुरु, साधु असं लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, साधू. समासात तोच शब्द पुन्हा ऱ्हस्व होतो, कविसंमेलन, गुरुदक्षिणा. हिंदीत ‘कि’ वेगळा आणि ‘की’ वेगळी, मराठीत फक्त ‘की’. उलट ‘आणि’, ‘नि’, ‘तथापि’ ऱ्हस्वच राहतात. हिंदीत फूल-फूलों, मराठीत फूल-फुलांना. तसंच गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र हलत नाही, दीप-दीपाला, सूत्र-सूत्राला. साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा, १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये वाढवलेले चार. त्यातले एवढे चार-पाच पक्के झाले तरी इंदुरी कथेतल्या बऱ्याचशा चुका जातात. हे सांगणं म्हणजे हुरूप घालवणं कसं?

परिच्छेदांचं तर बोलायलाच नको. बोलणारा बदलला की नवी ओळ. एका वीस ओळींच्या परिच्छेदात सासू, सून आणि शेजारीण तिघी बोलत असतील तर टोमणा कुणी मारला हेच कळत नाही. हे आशयाबद्दलचंच बोलणं आहे, ताई.

लिंबोणी:
दादा, मी मुद्रितशोधक म्हटलं तेवढंच धरलंत. माझा मुद्दा क्रमाचा होता.

पहिल्या खर्ड्याला तीनच प्रश्न विचारायचे असतात. गोष्ट कुणाची आहे? ती खरी कुठे सुरू होते? शेवटपर्यंत काय बदललं? नव्या लेखकाची कथा बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सुरू होते. आधीची पानं म्हणजे हवामान, घराचं वर्णन आणि नायिकेचं माहेर. ती पानं पुढच्या खर्ड्यात जाणारच आहेत. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलेत तर काय होतं? लेखकाला वाटतं ही पानं आता झाली. घासूनपुसून ठेवलेलं वाक्य कुणी काढायला तयार होत नाही, आणि कथा तिथेच अडकते.

म्हणून आधी रचना, मग प्रसंग आणि संवाद, मग वाक्य, आणि सगळ्यांत शेवटी शुद्धलेखन. तुम्ही शेवटची पायरी पहिल्या दिवशी मागता. आणि स्पष्टच सांगते, ‘गुरू दीर्घ हवा’ असं लिहायला कथा वाचावी लागत नाही. ‘तिसऱ्या प्रसंगात नवऱ्याचं गप्प राहणं पटत नाही’ असं लिहायला ती दोनदा वाचावी लागते. आपल्याकडे पहिल्या प्रकारचे अभिप्राय का जास्त येतात, याचा विचार करा.

कच्चा खर्डा:
ताईंशी सहमत. एक जोड देतो: कथा मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो दुसऱ्याकडून. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्य लांब झालेलं असतं किंवा क्रियापद फार उशिरा आलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळतं.

राजवाडा चौक:
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्यातल्या कितीतरी चुका लेखकाने केलेल्याच नसतात. फोनने केलेल्या असतात. इथे बहुतेकांच्या फोनवर हिंदी कळफलक आहे आणि मराठीही त्यावरच लिहिली जाते. तो ‘ड’च्या जागी खाली टिंब असलेला ‘ड़’ सुचवतो, आणि कथेत ‘घोड़ा’, ‘थोड़ं’ येतं. ‘बाळ’चं ‘बाल’ करतो, ‘वेळ’चं ‘वेल’, ‘काळ’चं ‘काल’. हे सगळे खरे शब्द असल्यामुळे तपासणीतही पकडले जात नाहीत. अर्धा ‘ऱ’ समोर दिसत नाही, म्हणून ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवण सांगायचं तर ‘आचार्यांना’ सांगितलं जातं. भाषांच्या यादीत मराठी वेगळी जोडा आणि हिंदीच्या सूचना बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, की ‘ऱ्य’ आला.

पण याहून मोठं दुखणं म्हणजे क्रुती देव हा जुना फॉन्ट. २०२०नंतरसुद्धा लोक क्रुती देवमध्ये कथा पाठवतात! फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कथेवर कुणी बोलत नाही याचं कारण कधीकधी एवढंच असतं की ती कुणाला उघडताच आलेली नाही.

जुनी शाई:
‘दुखणं’ हा शब्द मागे घ्या. या गावातल्या किती ऑपरेटरांचं पोट क्रुती देववर चाललंय याची कल्पना आहे का? रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळफलकावर हात बसलेला माणूस न बघता टाइप करतो. तुमच्या इनस्क्रिप्टसाठी त्याने चाळिशीत नव्याने बोटं वळवायची का? आणि इथले छापखाने मुख्यतः हिंदी काम करतात. त्यांच्याकडे पानं जुळवायला पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याला युनिकोड, म्हणजे फोनवर वापरतात ती देवनागरी, कळत नाही. तुमची युनिकोड फाइल तिथे गेली की चौकोन दिसतात. मग ऑपरेटर पुन्हा टाइप करतो आणि नव्या चुका घालतो. छापायचं असेल तर छापखान्याला चालेल ते द्या.

इंदुरात साहित्य संमेलन १९१७ला झालं, १९३५ला झालं, २००१ला झालं. पहिल्या दोन्ही वेळी खिळे जुळवून छपाई होत होती. कुणाचं साहित्य अडलं नाही.

राजवाडा चौक:
शब्द मागे घेत नाही, कारणं देतो.

क्रुती देवमध्ये मराठी साठवलेलीच नसते. ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच असतो. वर देवनागरीचा मुखवटा. मुखवटा नसलेल्या यंत्रावर तो गळून पडतो. म्हणून त्यात नाव शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, फोनवर वाचता येत नाही.

आणि सगळ्यांत वाईट प्रकार आपल्या अंकांत दिसतो तो असा. युनिकोडची कथा आली, ऑपरेटरने ती आधी रूपांतरित न करता सगळी निवडली आणि थेट क्रुती देव फॉन्ट लावला. देवनागरी अक्षरं जशीच्या तशी राहतात, कारण ती त्या फॉन्टमध्ये नाहीतच. पण विरामचिन्हं इंग्रजी संचातली, ती बदलतात. पूर्णविरामाचा अर्धा ‘ण’ होतो, स्वल्पविरामाचा ‘ए’, सरळ एकेरी अवतरणाचा अर्धा ‘श’. छापील पानावर वाक्याच्या शेवटी लोंबणारे ते ‘ण्’ तिथूनच येतात. लेखकाची चूक नसते आणि मुद्रितशोधकाचीही नसते.

युनिकोडचं क्रुती देवमध्ये रूपांतर करूनही चुका राहतात, आणि त्या ठरलेल्या जागी राहतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की तकलादू रूपांतरक घसरतो. सगळी कथा पाठवण्याआधी ही एक ओळ रूपांतरकातून पाठवून बघा: ‘आर्थिक स्थिती, दुसऱ्या दिवशी, ॲसिड, ऑफिस, कृष्ण, श्री, बाळ, ज्ञान.’ ही सुखरूप गेली तर कथाही जाते.

रेमिंग्टनचा हातही वाया जात नाही, शाईकाका. रेमिंग्टन गेल हा कळफलक युनिकोडच टाइप करतो. मध्य प्रदेशच्या सीपीसीटी या संगणक आणि टंकलेखनाच्या परीक्षेतसुद्धा हिंदीसाठी तो आणि इनस्क्रिप्ट असे दोन पर्याय असतात. बोटं तीच, फाइल युनिकोड.

जुनी शाई:
रेमिंग्टन गेलचं मान्य. पेजमेकरचं काय ते बोला.

राजवाडा चौक:
पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे. त्यानंतर आवृत्तीच निघाली नाही, आता अजून किती वर्षं त्याच्या सोयीने लिहायचं? पानं जुळवायच्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी नीट बसते, फक्त परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. तो न निवडल्यामुळे वेलांट्या उलट्या पडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि मग छापखानेवाले सांगतात की युनिकोड छापता येत नाही.

सुरसागर:
बडोद्याहून. आमच्याकडे ऑपरेटर गुजराती, त्याला मराठी ‘ळ’ आणि ‘ण’ ओळखीचे, पण डोक्यावरची रेघ आणि अर्धा ‘ऱ’ परका. म्हणून युनिकोड फाइलीबरोबर तिचीच पीडीएफ पाठवायची. पीडीएफ छापायला नाही, शेजारी ठेवून ताडून बघायला. पीडीएफमधून मजकूर उचलू मात्र देऊ नका, त्यात वेलांट्या जागा सोडतात. आणि व्हॉट्सअॅपवर संदेशात चिकटवू नका, दस्तऐवज म्हणून जोडा. चिकटवला की तिरपी अक्षरं जातात आणि तारका-चिन्हांमुळे नको तिथे ठळक होतं.

जाता जाता: अंकाची डेमी आकाराची पानं सोळा-सोळाच्या गठ्ठ्याने, म्हणजे फॉर्मने, छापली जातात. बारा पॉइंटात पानाला साधारण ३०० शब्द. ‘२,००० शब्द’ मागितले असताना २,७०० पाठवले की दोन पानं वाढतात, अंक फॉर्मच्या बाहेर जातो आणि संपादक शेवटचे परिच्छेद उडवतो. मग ‘शेवट कापला’ म्हणून भांडू नये.

लिंबोणी:
अभिप्राय कसा द्यावा यावर बोलत होतो आणि पोहोचलो छापखान्यात. फॉन्टचं सगळं उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही. पण हीच तक्रार आहे माझी. यंत्राबद्दल आपण इतकं नेमकं बोलतो आणि कथेबद्दल ‘छान’ किंवा ‘गुरू दीर्घ’.

शुद्धलेखनवाल्यांनी केलेलं एक नुकसान तर सांगायलाच हवं. कथेत तिलकनगरचा मुलगा म्हणतो, ‘अरे यार, तू कशाला टेन्शन घेऊन राहिला, मी आहे ना.’ त्याचं कुणीतरी ‘तू चिंता का करतो आहेस’ करून ठेवतं. तो मुलगा मेला की हो तिथे! इंदुरी मराठी ही चूक नाही, ती माणसं आहेत. तुमच्या लाल पेनाला दोन्ही सारखेच दिसतात.

काना-मात्रा:
संवादाचं मान्य. संवादाला हात लावू नये, हे मीही म्हणतो.

पण तिथेही शिस्त लागते, ताई. बोली क्रियापदाच्या रूपातून आणि एक-दोन शब्दांतून दाखवायची. प्रत्येक शब्दाचं लेखन मोडून नाही, त्याने वाचणारा दमतो. ‘राहिला’ म्हणणारा मुलगा दोन पानांनंतर ‘राहिलेला आहेस’ म्हणायला लागला तर ती बोली नाही, विसरभोळेपणा आहे. आजी वेगळी बोलेल, नातू वेगळा. आणि निवेदनात ‘असे केले’ किंवा ‘असं केलं’, कुठलंही एक धरा. दोन्ही रूपं चालतात, एका परिच्छेदात दोन्ही चालत नाहीत. ‘टेन्शन’ला अवतरणात घालून माफी मागायचीही गरज नाही.

शाईकाका, १९१७च्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘गांव’ असे अनुस्वार होते. ते १९६२मध्ये गेले. तेव्हाही हात बसलेल्या माणसांना बोटं वळवावी लागली होती.

लिंबोणी:
आणि कथेतला शेजारी हिंदीच बोलत असेल तर? ‘मैंने कहा था कि मत जाओ.’ इथे तुम्ही ‘की’ केलंत तर हिंदी चुकते. मागच्या महिन्यातल्या कथेवर नेमकं हेच सुचवलं गेलं होतं.

काना-मात्रा:
हिंदी वाक्यात हिंदीचे नियम. यात वाद नाही. ज्याने सुचवलं त्याने ओळ वाचली नव्हती.

लिंबोणी:
मी तेच म्हणत होते, वाचली नव्हती.

कच्चा खर्डा:
मग असं करू या. कथेच्या वर लेखकानेच ‘खर्डा पहिला’, ‘दुसरा’ किंवा ‘पाठवायच्या आधी’ असं लिहावं. पहिल्यावर शुद्धलेखनाचा विषय काढायचा नाही. शेवटच्यावर कथेचा सांगाडा मोडायला सांगायचं नाही, अंकाची मुदत चार दिवसांवर असताना त्याचा उपयोग नसतो.

काना-मात्रा:
चालेल. पण परिच्छेद आणि कोण बोलतंय हे पहिल्याच खर्ड्यात नीट हवं. त्याशिवाय ताईंच्या तीन प्रश्नांचीही उत्तरं देता येत नाहीत.

लिंबोणी:
तेवढं देते. ऱ्हस्व-दीर्घ नाही.

जुनी शाई:
ओळ पाठवून बघितली. ‘आर्थिक’ आणि ‘स्थिती’ बरोबर आले. ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झाला, ‘ॲसिड’चा ‘ॲ’ गायब. रूपांतरक बदलायचा की हे दोन हाताने शोधून बदलायचे?

राजवाडा चौक:
दोनच असतील तर हाताने. पण ‘र्य’ सरसकट बदलू नका काका, ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’सुद्धा बदलतील. एकेक बघून बदला. ‘ॲ’ गायब झाला की शब्द अर्धा उरतो, म्हणून मूळ फाइलीत आधी ‘ॲ’ शोधून त्या जागा कागदावर लिहून ठेवा.