दहा वर्षांचं वॉशिंग मशीन: दुरुस्त करावं की बदलावं? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ:
मशीनला आठ-दहा वर्षं झाली की सल्ला ठरलेला, "आता नवीनच घ्या." मला तो साफ नामंजूर आहे. वय बघू नका, कोणता भाग गेलाय ते बघा. पाणी भरत नसेल तर नळ बंद करून पाइप सोडा आणि इनलेट व्हॉल्व्हच्या (मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडाची बारीक जाळी पक्कडीनं ओढून ब्रशनं धुवा. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की ती गाळानं बुजते. पाणी उपसत नसेल तर फ्रंट लोडच्या खालच्या झाकणामागची पंपाची जाळी उघडा. नाणी, केस, बटणं निघतात. टॉप लोड पिळताना आपटत असेल तर टबाला लटकवून धरणारे चारही सस्पेन्शन रॉड एकदम बदला, एकच बदलला तर टब कलतो. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता घूं-घूं आवाज करतो पण फिरत नाही, तेव्हा आधी मोटरला चालना देणारा कपॅसिटर बघा. यातलं एकही काम नव्या मशीनच्या किमतीच्या पाचव्या हिश्शापर्यंत जात नाही.

पाना_पक्कड:
भाऊ, सोपे बिघाड तेवढे मोजलेत. ड्रम ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचं काय? आधी पाणी अडवणारं ऑइल सील झिजतं, साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंगमधल्या गोळ्या गंजतात आणि पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. बेअरिंगची जोडी स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोचायला वजनं, गास्केट, हीटरच्या वायरी सोडवून अख्खा टब बाहेर काढावा लागतो. त्यात अनेक मॉडेलचे टब प्लास्टिक वेल्डिंगनं कायमचे बंद केलेले. करवतीनं कापून सिलिकॉन लावून जोडणारे आहेत, पण तो सांधा गळला की पाणी मोटर आणि वायरिंगवर. अशा मशीनवर पैसे घालू नयेत.

कृष्णाकाठ:
बंद टबाचं मान्य. पण मागचा पत्रा काढून टॉर्च मारा की! टबाच्या कडेनं स्क्रू दिसले तर तो उघडतो. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून बेअरिंगच्या दुकानातून चांगल्या कंपनीची जोडी आणा. सील नवीनच हवं. बसवताना बाहेरच्या रिंगवरच ठोका, आतल्या रिंगवर ठोकलं तर बेअरिंग तिथंच खराब होतं. शाफ्टवरच्या (ड्रमच्या दांड्यावरच्या) बुशला, म्हणजे सील टेकतं त्या कड्याला, खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार, ते आधी नखानं चाचपून बघा.

विश्रामबागकर:
दोघंही स्पायडर विसरलात. ड्रमला मागून धरणारी ॲल्युमिनियमची तीन हातांची ही चौकट साबणाच्या साक्यानं कुजते. प्लग काढा, ड्रमची कड वर-खाली ओढा. मागची पुलीही हलली तर बेअरिंग गेलंय. पुली जागेवर आणि ड्रमच डुलत असेल तर स्पायडरला तडा आहे. स्पायडर ड्रमसकटच मिळत असेल तर खर्च फार चढतो, तिथं माझं मत बदलण्याकडे. आणि बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी रिकामं मशीन 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून 60 अंशावर चालवावं, हीटरवरचा क्षार सुटतो. त्यात ब्लीच चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

गावभाग:
सांगलीत आणखी एक गोष्ट बघावीच लागते. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेलं फुल ऑटोमॅटिक दुरुस्तीला देऊच नये. वाळवल्यावर चालू होतं, म्हणून माणूस फसतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडत जातात, सीलमधून गेलेली रेती बेअरिंग खाते, मग बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जातो. जुनं मशीन स्वस्तात घेताना मागचा पत्रा काढायला लावा. तळाशी चिकणमाती सापडली की सौदा मोडा.

पाना_पक्कड:
यावर मात्र उलट सांगतो. बुडालेलं सेमी वाचतं, कारण साध्या सेमीत बोर्डच नसतो. गोड्या पाण्यानं गाळ धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, दोन्ही टायमर आणि कपॅसिटर बदला. मोटरचं वाइंडिंग मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासा. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर वाइंडरकडे. आणि सॉकेटला अर्थिंग नसेल तर तोवर प्लग लावू नका.