शब्दचर्चा : पुराव्याशी ‘छेडछाड’ होते का?

प्रश्न : रक्ताने भिजलेली चादर ओलीच बांधून ठेवली आणि डाग कुजला, तर ‘पुराव्याशी छेडछाड’ म्हणता येईल का?

– सोलापूर, न्यायालयीन भाषांतर : नाही. छेडछाडीत हेतू आला. इथे पुरावा ‘नासला’. आरोपीचा शर्ट आणि मयताची साडी एकाच पिशवीत भरली तर तो ‘दूषित’ झाला, कारण मग रक्त कुठून कुठे लागलं हे सांगता येत नाही. मुद्दाम बदल केला तर ‘फेरफार’. फक्त महसुलात फेरफार म्हणजे सातबाऱ्याची रीतसर नोंद, एवढं भान ठेवावं. पुरावा नाहीसा करणं हा तर वेगळाच गुन्हा : भारतीय न्याय संहिता, कलम 238 (पूर्वीचं भादंवि 201).

– प्रयोगशाळेचं काम पाहणारा : ‘नासणे’ हाच नेमका शब्द. सोलापुरी चादर जाड सुती. वरून कोरडी लागली तरी घडीत ओल राहते. प्लास्टिकमध्ये ती कोंडते, बुरशी आणि जिवाणू डीएनए तोडतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हे फार लवकर होतं. घाईने उन्हात टाकू नये, उन्हानेही डीएनए खराब होतो. हातमोजे घालून, स्वच्छ कागदावर, सावलीत पूर्ण वाळवायची. डाग डागावर येऊ नये म्हणून प्रत्येक घडीत कोरा कागद घालायचा, मग कागदी पिशवी. खाली अंथरलेला कागद फेकायचा नाही! सुटलेले केस, धागे त्यावरच असतात. तो वेगळा बांधून द्यायचा.

प्रश्न : आणि ‘चेन ऑफ कस्टडी’, म्हणजे पुरावा कधी कुणाच्या ताब्यात होता याची सलग नोंद? ‘अभिरक्षा साखळी’ कुणाला कळत नाही.

– सोलापूर, न्यायालयीन भाषांतर : ‘ताब्याचा क्रम’ म्हणा. पंचनाम्यात ‘ताब्यात घेतले’ असंच लिहितात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नेही इलेक्ट्रॉनिक उपकरणाबाबत साखळी न म्हणता क्रमच म्हटलं आहे.

– फौजदारी वकिली : शब्द कोणताही घ्या, तुटतं ते ठरलेल्या जागी. पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेखच नसतो. मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत आवक असते, जावक नसते. पाकीट प्रयोगशाळेत नेणाऱ्या अंमलदाराची साक्षच होत नाही, आणि मधले दिवस ते कुठे होतं याला उत्तर उरत नाही. सीलचा नमुना सोबत पाठवला नसेल तर प्रयोगशाळेने सील कशाशी ताडून पाहायचं? वस्तू जशीच्या तशी असूनही हे घडतं, म्हणून त्याला नासणंही म्हणू नये, फेरफारही नाही. ‘क्रम तुटला’ म्हणावं.

– प्रयोगशाळेचं काम पाहणारा : सील ताडून जुळलं की अहवालात त्याची नोंद होते. त्यासाठी मराठीत ‘सील शाबूत’ हा बोलीतला शब्द आहे, तो सोडू नका. ‘शाबूत’ आणि गुन्हा ‘शाबीत’ होतो त्यातला ‘शाबीत’, दोन्ही एकाच अरबी धातूचे. त्याऐवजी सुचणाऱ्या ‘अबाधित’ला ती जवळीक नाही.