‘पझेसिव्ह आहे गं तो’: तुम्हाला केव्हा कळलं?

अकरावीतली भाची परवा जेवताना म्हणाली, “मावशी, त्याच्याकडे माझे सगळे पासवर्ड आहेत.” आवाजात कौतुक होतं. माझा घास हातातच राहिला. मारलं तर निदान वळ दिसतो. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, काय घातलंयस असं रोज विचारून जगणं आवळत नेलं, तर त्या वयात ती काळजीच वाटते. तुम्हाला ते केव्हा उमगलं? मुलामुलींनी, पालकांनी, शिक्षकांनी लिहा. नावं आणि कॉलेजं नकोत.

घाटकोपर, वय १९
क्लासहून येताना लोकलमधून व्हिडिओ कॉल करावा लागायचा. डब्यात बायकाच आहेत ना, हे दाखवायला फोन गोल फिरवायचा. समोरच्या मावश्या बघत राहायच्या. तरी मैत्रिणींना मी सांगायचे, किती जीव लावतो बघा! मग त्या मैत्रिणीही सुटल्या. एक उद्धट म्हणून, दुसरी तिला मोठा भाऊ आहे म्हणून. त्याने हात कधीच उचलला नाही, त्यामुळे काही वाईट चाललंय हे मनातही आलं नाही.

एका पावसात गाड्या बंद पडल्या. मी दादरला अडकले आणि फोनची बॅटरी संपली. घरी कसं पोचायचं ठाऊक नव्हतं, अंगावरचे कपडे भिजलेले, आणि मला एकदम हलकं वाटलं. चार तास कोणी काही विचारणार नव्हतं. त्या बाकावर बसून खूप रडले.

परळ, वय २०
मुलांनाही होतं हे. मॅचला गेलो की ती जिवाचं बरंवाईट करून घेईन म्हणायची. शिवाजी पार्कवर जाणं बंद केलं. मित्र म्हणाले, नशीबवान आहेस लेका. त्यानंतर कोणाला सांगितलंच नाही.

शिक्षिका, बोरिवली
नववीच्या वर्गात विचारलं, ‘तो ड्रेस घालू नकोस’ ही काळजी की दाब? बहुतेक हात काळजीच्या बाजूने वर गेले. एक मुलगी म्हणाली, “बाई, पप्पा पण आईला असंच सांगतात.” मला उत्तर सुचलं नाही. आता मी एवढंच विचारते: नाही म्हटलंस तर पुढे काय होतं? या प्रश्नावर वर्ग गप्प होतो, आणि मधल्या सुट्टीत कोणीतरी एकटी येऊन थांबते.

वकील, वांद्रे
इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं सततचं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ येतो, पण त्यासाठी एका घरात राहिलेलं असावं लागतं. कॉलेजातली जोडी त्यात बसत नाही. मात्र एखाद्या पुरुषाने बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा मेसेजवर पाळत ठेवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागू शकतं. परळच्या मुलाला या कलमाचा आधार नाही, याची मला खंत आहे. अठराच्या आतल्यांनी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

आई, चेंबूर
हे सगळं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तू पण तर माझं लोकेशन बघतेस.” मी भांडले. रात्री झोप लागली नाही. सकाळी सांगितलं, बंद कर हवं तर, उशीर होणार असेल तर फोन मात्र कर. काल तिने बंद केलं. पावणेनऊला तिचा फोन आला, तोवर मी गॅलरीतच उभी होते.