मदत हवी आहे: बाबांचं अब्लेशन दुसऱ्यांदा करायचं का?

बाबा 67 वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे, मागच्या वर्षी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन झालं, म्हणजे उष्णतेने हृदयात छोटे डाग पाडून चुकीचा करंट अडवतात ते. पहिले तीन महिने ठोके चुकले तरी घाबरू नका, जखम भरतेय असं डॉक्टर म्हणाले होते, पण आता आठ महिने झाले आणि परत सुरू झालंय. काल चहाचा कप तसाच ठेवून मनगटावर बोट ठेवून बसले होते, मी विचारलं तर म्हणे काही नाही गं, पण चेहरा पांढराफटक.

डॉक्टर म्हणतात फुफ्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांभोवती जो डागांचा घेर केलेला त्यात कुठेतरी फट राहिली असेल, तिथून करंट परत जातो. आता पल्स्ड फील्ड अब्लेशनचा पर्याय सांगितलाय. त्यात उष्णता नाही, विजेच्या अगदी क्षणभराच्या झटक्यांनी पेशी मारतात, त्यामुळे हृदयामागच्या अन्ननलिकेला धोका कमी, एवढं समजलं. अमेरिकेत 2023 च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली म्हणजे तसं नवीनच ना, म्हणून धाकधूक वाटते.

कुणाच्या घरी दुसऱ्यांदा अब्लेशन केलंय का? पल्स्ड फील्ड केलं असेल तर नंतर किती दिवसांनी बरं वाटलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालूच आहेत का, खर्च किती आला आणि इन्शुरन्सने दिला का, प्लीज सांगा. पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचाय.